भुंग्या, सर्ज्या आणि मधला ओढा

फार मागची गोष्ट. एका ओढ्याच्या दोन काठांना दोन वाड्या होत्या. अलीकडे भुंग्या कुत्रा राखण करायचा, पलीकडे सर्ज्या. रोज सांजेला दोघं काठावर येऊन एकमेकांवर घसा फोडून भुंकायचे. भुंग्याला वाटायचं, आपण हद्द राखतोय. कुत्र्याची समज ती तेवढीच.

इकडं कोंबड्या कमी होत होत्या. भुंग्या कोल्ह्यांमागं धावायचा, कोल्हे ओढ्यापार जायचे आणि हा काठावर थांबायचा. पुढं सर्ज्याची हद्द ना!

"भुंग्यादादा, माझं एकच पिल्लू उरलंय," चितरी कोंबडी म्हणाली. "तुमचं भांडण ऐकूनच येतात मेले."

भुंग्या खजील झाला. त्या सांजेला तो गुमान काठावर गेला.

"काय रे, घसा बसला का?" सर्ज्या खेकसला. "तुझे कोल्हे आवर आधी!"

"माझे? इकडं पांढरी पिसं पडलीत. आमच्यात पांढरी कोंबडीच नाही."

सर्ज्यानं आपल्या पायाशी पाहिलं. त्याच्या काठावर चितरी पिसं पडली होती.

दुसऱ्या सांजेला दोघं मुद्दाम भुंकले. कोल्हे आले. भुंग्या मागं लागला, तसे ते ओढा ओलांडून निवांत चालू लागले. पुढं दबा धरून बसलेला सर्ज्या उठून आडवा आला. वळून बघतात तर भुंग्याही पाण्यात उतरलेला.

"अरे, ही हद्द तुझी नव्हे!" कोल्ह्यांचा म्होरक्या ओरडला.

"तुझी तरी कुठली?" भुंग्या म्हणाला.

कोल्हे गेले ते गेलेच. दोघांचं भुंकणं काही सुटलं नाही, पण आता भुंकताना एक कान मागं खुराड्याकडं असायचा आणि चितरी पिल्लाला पंखाखाली घेऊन खुशाल झोपायची.