सांबरखोलचा रिकामा पाळणा

रिकामा पाळणा हलवू नये, असं मला आईने सांगितलंय, सासूने सांगितलंय आणि दवाखान्यातल्या आयाबाईंनीही. शिकलेली असून मी ते पाळते. झोपलेल्या मुलीचा श्वास चालू आहे ना, हे बघायला सारखी उठणाऱ्या बाईने विज्ञानाच्या गप्पा मारू नयेत. म्हणून सांबरखोलला नणंदेच्या मुलाच्या बारशाला गेले तेव्हा पडवीत जे पाहिलं, त्याने मी मुलीला घेऊन दारातच थबकले. तिथे दोन पाळणे टांगलेले होते. एक झेंडूच्या माळांनी सजवलेला. दुसरा काळ्या लाकडाचा, बिनफुलांचा, आत नुसती घडी घातलेली दुपटी. बायकांनी त्या काळ्या पाळण्याखालून रिकामी दुपटी एकमेकींच्या हातात दिली, परत आत ठेवली आणि पाळण्याला झोका दिला. आणि गप्प उभ्या राहिल्या. नणंदेचं बाळ तिच्या मांडीवर भुकेने रडत होतं. तिने त्याला पदराखाली घेतलं नाही.

जेवणं झाल्यावर मी अनसूयाआत्यांना विचारलं. त्या नणंदेच्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. गावातली बाळंतपणं आयुष्यभर त्यांनीच केली. त्यांनी आम्हा पाहुण्या बायकांना मागच्या टेकाडावर नेलं. खाली खाडी होती, म्हणजे चिखल आणि तिवरं. एका कडेला मोडका धक्का, त्याच्या वर छप्पर उडालेली एक मशीद, आणि थोडं पलीकडे सिद्धेश्वराचं देऊळ.

"हे बंदर होतं, बाय," आत्या म्हणाल्या. "आमच्याच एका बाईने ते बुडवलं. पोरापायी."

त्यांनी सांगितलं ते असं.

फार जुनी गोष्ट. हुरमुझहून घोडे, हबसाणातून, म्हणजे आफ्रिकेतून हस्तिदंत, एडनहून खजूर आणि पोवळी या खाडीत उतरत आणि इथून सुंठ, मिरी, सुपारी, घाटावरचं कापड जाई. मशीद खलाशांनी बांधली होती. तिच्या पायाला देवळाच्या महंताने दगड दिला, असं सांगतात. खाडीचं तोंड मात्र वाईट. पाण्याखाली वाळूचा दांडा आणि त्याच्या टोकाला खडक. परक्या माणसाला वाट सापडायची नाही. म्हणून गावाने देवळात आणि मशिदीत, दोन्हीकडे हात ठेवून शब्द दिला होता. ज्याच्या डोलकाठीवर दिवा दिसेल, त्याला सांबरखोलचा तांडेल होडी घेऊन सामोरा जाईल आणि आत आणील. तो कुठला, कुणाला पुजतो, काय घेऊन आला, हे आधी विचारायचं नाही. या शब्दावर बंदर चालत होतं.

मग दिवस फिरले. घाटावर देवगिरीचं राज्य बुडालं. जकातीच्या नाक्यावर आज एकाचा माणूस तर उद्या दुसऱ्याचा. आणि पश्चिमेकडून येणारे खलाशी म्हणे एक नवीनच बातमी आणू लागले. काखेत गाठ येते, माणूस दोन दिवसांत जातो. फिरंग्यांच्या मुलखात, मिसरात, गावंच्या गावं ओस पडली. काही गलबतं वाऱ्यावर नुसती तरंगताना दिसली, वर हलणारं कुणी नाही. ऐकणारे कानाला हात लावत आणि परत धक्क्यावर कामाला जात.

त्या वेळी गावचा तांडेल होता चांगो. त्याची बायको हेमाई. तिची आधीची मुलं जगली नव्हती. पुष्कळ वर्षांनी मुलगा झाला, आणि उद्या त्याचं बारसं, अशा दिवशी सूर्य कलताना खाडीच्या तोंडाशी एक गलबत आलं. शिडं फाटलेली. डोलकाठीवर दिवा.

गावकरी धक्क्यावर जमले. कुणी म्हणालं, रोगाचं आहे. महंत आणि मशिदीचे मौलवी दोघांचंही मत पडलं की शब्द दिलाय तो दिलाय. चांगोने वल्हं उचललं.

हेमाई बाळंतिणीच्या खोलीतून उठून आली. ओली बाळंतीण, डोक्याला फडकं बांधलेलं, तिने उंबरा ओलांडायचा नव्हता. ती वाळूवरून चालत होडीपाशी गेली आणि दुपट्यातलं मूल होडीच्या टोकापुढे वाळूत ठेवलं.

"न्यायची तर याच्यावरून न्या," ती म्हणाली.

चांगोने तिला समजावलं, मग शिव्या दिल्या, मग तो होडीच्या कडेवर बसून राहिला. मुलाला उचलून बाजूला ठेवायला किती वेळ लागला असता? पण कुणी हात लावला नाही. सगळ्यांच्या घरी मुलं होती. आत्या म्हणाल्या, हेमाईने सगळ्यांच्या मनातलं केलं, म्हणून तर तिला कुणी अडवलं नाही.

अंधारू लागलं तसा वारा जमिनीकडे वळला, आणि त्या वाऱ्यावर गलबतातून एका तान्ह्या मुलाचं रडणं आलं. हेमाईची चोळी भिजली. तिचं स्वतःचं मूल झोपलेलं होतं. दूध त्या दुसऱ्यासाठी आलं होतं. तिने हात छातीवर दाबून धरले आणि ती तिथेच बसून राहिली. रडणं पुष्कळ वेळ चाललं, असं सांगतात.

तांडेल येत नाही म्हटल्यावर गलबताने आपलं आपणच आत यायचं पाहिलं. ओहोटी लागली होती. ते खडकावर गेलं.

सकाळी वाळूवर फळ्या होत्या, खजुराची पोती होती आणि माणसं. मौलवींनी एकेकाला धुतलं, काखा पाहिल्या. कुणाच्याही अंगावर गाठ नव्हती. ती रोगापासून पळालेली माणसं होती. शेवटी लाटेने एक काळ्या लाकडाचा पाळणा आणला. रिकामा. मूल कुठेच सापडलं नाही.

हेमाई आधी मशिदीच्या दाराशी गेली. मौलवी रडवेले होऊन म्हणाले, देह नाही तर मी माती कशावर देऊ? मग ती महंतांकडे गेली. ते म्हणाले, नाव ना गोत्र, मी काय म्हणून पाणी सोडू? दोघांचे ग्रंथ मोठे होते, पण या मुलापुरती ओळ त्यांत नव्हती.

तेव्हा तिने तो पाळणा घरी नेऊन आपल्या मुलाच्या पाळण्याशेजारी टांगला. "ज्याला नाव नाही त्याचं आधी, मग माझ्याचं," एवढंच ती बोलली. तिने झोका दिला आणि पाळणा आपणहून थांबेपर्यंत आपल्या मुलाला जवळ घेतलं नाही.

तिचा मुलगा जगला, म्हातारा झाला. बंदर मात्र जगलं नाही. सांबरखोलने शब्द मोडला ही बातमी बंदराबंदरांतून गेली, आणि या खाडीकडे तोंड करून पुन्हा कुणी डोलकाठीवर दिवा लावला नाही. धक्का ओस पडला, खलाशी गेले, चिखल वर आला.

हे सांगून आत्या उठल्या. मी विचारलं, पण आपल्या लेकराला भुकेलं रडू द्यायचं, हे क्रूर नाही का? त्यांनी माझ्या खांद्यावर झोपलेल्या मुलीकडे पाहिलं.

"तू काय केलं असतंस गो?"

उत्तर मला माहीत होतं.

"म्हणून तेवढं रडणं ऐकून घ्यायचं," त्या म्हणाल्या.

आजही सांबरखोलात बारसं असलं की आधी काळा पाळणा टांगतात. जुना कधीच कुजला. प्रत्येक पिढीतला सुतार तसाच नवा करतो, मजुरी न घेता. झोका एकदाच देतात आणि तो हाताने थांबवत नाहीत. बायका खाडीकडे तोंड करून उभ्या राहतात. मांडीवरचं बाळ रडत असतं, आईची चोळी भिजत असते. पाळणा हळूहळू लहान झोके घेतो, थांबतोय असं वाटतं, आणि खाडीवरून वारा येऊन तो परत थोडासा हलतो.