व्हालब्रूणची पांढरी ओळ

फ्रान्सच्या दक्षिणेला व्हालब्रूण नावाचा एक द्राक्षमळा आहे. टेकडीभर काळी द्राक्षं, आणि ऐन मधोमध एक ओळ पांढऱ्यांची. वाइन चाखायला आलेले पाहुणे हसून विचारतात, ही चूक कुणाची? मळ्याचा म्हातारा राखणदार म्हणतो, चूक नव्हे हो, दगा आहे. आणि सांगायला बसतो.

फार पूर्वी वेलींची मुळं खाणारी कीड आली आणि मुलखातले मळे एकामागून एक वाळले. तेव्हा इथे ओदील नावाची विधवा राहत होती. इथलं काळं द्राक्ष या टेकडीखेरीज कुठेच नव्हतं म्हणे. हा वाण मरू देणार नाही, असा शब्द तिने नवऱ्याला शेवटच्या घटकेला दिला होता. उपाय एकच: कीड न लागणाऱ्या रानवेलीच्या खुंटावर आपली काडी बांधायची. ते कसब नदीपलीकडच्या धाकट्या दिराला, आन्सेल्मला, येत होतं. उरल्यासुरल्या वेलींच्या सगळ्या काड्या तिने विश्वासाने त्याच्या हवाली केल्या. त्याने कलमं आणून दिली आणि तिने ती लेकरांसारखी वाढवली.

तिसऱ्या उन्हाळ्यात घड धरले. मणी काळे पडायची वाट सारं गाव बघत होतं. ते पांढरेच राहिले. पलीकडच्या काठावर मात्र दिराचा मळा काळाभोर झाला. सख्ख्या दिराने केसाने गळा कापला होता. ओदील त्या दिवशी जेवली नाही, पण रडलीही नाही, असं सांगतात.

त्या मुलखात रीत होती: छाटणीच्या काड्यांची मोळी छाटणाऱ्याची, त्याच्या चुलीसाठी. मालकही तिला हात लावत नसे. हिवाळ्यात ओदील डोक्याला फडकं बांधून दिराच्याच मळ्यावर मजुरीला गेली. मुकादमाने तिला ओळखलं नाही. संध्याकाळी मोळी घेऊन निघाली, तेव्हा आन्सेल्म वाटेत आडवा आला.

"वहिनी, मागितल्या असत्यात तर दिल्या असत्या."

"माझ्याच वेली तुझ्याकडे मागू? वाट सोड."

साऱ्या मजुरांदेखत रीत मोडायची त्याची छाती झाली नाही. तो बाजूला झाला.

दिराने गळ्यात मारलेल्या पांढऱ्या वेली ओदीलने वरून कापल्या आणि, त्याची कलमं न्याहाळून शिकली होती तशा, त्याच खुंटांवर आपल्या काड्या बांधल्या. टेकडी पुन्हा काळी झाली. एक ओळ तिने मुद्दाम ठेवली, आपल्याच माणसाने काय केलं ते विसरायला नको म्हणून.

पुढे म्हातारा झालेला आन्सेल्म एक मोळी घेऊन माफी मागायला आला. तिने मोळी ठेवून घेतली आणि दार लावलं.

आजही छाटणी संपली की नदीपलीकडच्या त्या घरातलं कुणीतरी मोळी घेऊन येतं. मळ्याची माणसं ती उतरवून घेतात, पाणी विचारतात. बसा मात्र कुणी म्हणत नाही.