रापणीचं अस्सल गाणं

शिंपलवाडीच्या किनाऱ्यावर दवंडी पिटली गेली, तेव्हा अख्खं गाव रापण ओढत होतं. समुद्रात लांबवर सोडलेलं हे मोठं जाळं दोन्ही बाजूंनी दोर धरून सगळ्यांनी मिळून ओढायचं असतं, आणि ओढताना पुढच्याने गाणं सांगायचं, मागच्यांनी झेलायचं.

"ऐका हो ऐका! आजपासून रापणीच्या गाण्यातला एक शब्दही कोणी बदलायचा नाही. बदलेल तो कैदेत जाईल!"

लोकांना वाटलं, थट्टा आहे. थट्टा नव्हती. देशोदेशीच्या राजांच्या मोठ्या सभेने ठरवलं होतं, की गडकिल्ल्यांसारखीच लोकांच्या ओठांवरची गाणी, हातांतल्या कला जपायच्या. ज्याच्या राज्यात त्या जपल्या जातील, त्या राजाचा सन्मान करायचा. शेजारच्या राजाला एका नाचासाठी असा सन्मान मिळाल्यापासून करंजगडच्या सूर्याजीराव महाराजांना जेवण गोड लागत नव्हतं.

"आपल्याकडे रापणीचं गाणं आहे," कारभारी त्र्यंबकपंत म्हणाले, "पण हे लोक ते रोज बदलतात. सभेच्या दूतांना दाखवायचं काय?"

"मग बदलायचं बंद करा," महाराज म्हणाले. प्रश्न मिटला.

किनाऱ्यावर दोन शिपाई कान टवकारून बसले. त्यांच्यासमोर लोक ठरलेलं तेवढंच गाऊ लागले, "जोर लावा, हो, जोर लावा." एके दिवशी जाळं खडकाला अडकलं. अशा वेळी दोर सैल सोडायचा असतो. पण गाण्यात जोर लावा होतं, लोकांनी जोर लावला आणि जाळं टराटरा फाटलं. मासे समुद्रात परत गेले, गावात चुली पेटल्या नाहीत. जाळं शिवून पुन्हा टाकलं, तर पुन्हा तिथेच अडकलं. म्हातारा धाकू पुढे होता. त्याला राहवलं नाही. "सैल सोडा, हो, सैल सोडा," त्याने सूर लावला. जाळं वाचलं. धाकू कैदेत गेला.

त्याची सून आवडी दुसऱ्याच दिवशी दरबारात उभी राहिली.

"महाराज, मामंजींना सोडा. म्हातारं माणूस आहे."

"त्याने गाणं बिघडवलं," महाराज म्हणाले. "पण परवा दूत येताहेत. त्यांच्यापुढे सगळ्यात जुनं, अस्सल गाणं म्हणून दाखव. त्याला सोडतो. एक शब्द इकडचा तिकडे झाला, तर तूही आत जाशील."

आवडीने जरा विचार केला.

"सगळ्यात जुनं? जसंच्या तसं?"

"जसंच्या तसं."

"आणि मध्येच कोणी बदलायला सांगितलं तर?"

"सांगणाराही कैदेत. मग तो कोणी का असेना."

"मग ठीक आहे," आवडी म्हणाली. आणि दरबारातल्या सगळ्यांनी हे ऐकलंय ना, याची तिने एकदा मान वळवून खात्री करून घेतली.

ठरल्या दिवशी किनाऱ्यावर मंडप उभा राहिला. दूत आले, सोबत दुभाषी आला. महाराज ऐटीत बसले. रापण ओढायला सुरुवात झाली आणि दोराच्या टोकाला उभ्या आवडीने आवाज लावला. आधी समुद्राचं कौतुक झालं, मग वाऱ्याचं. दूत माना डोलवू लागले. मग ती म्हणाली,

"राजांचे पणजोबा किनाऱ्याला आले, हो,
फुकट सुरमई मागू लागले, हो,
पाय घसरला, चिखलात बसले, हो,
खेकड्याने त्यांना नेमकं धरलं—"

"थांब," महाराज खुर्चीतून अर्धे उठून दबक्या आवाजात म्हणाले. "कुठे धरलं?"

"ते पुढच्या ओळीत आहे, महाराज."

"पुढची ओळ नको. दुसरं काहीतरी म्हण."

"बदलू?"

"बदल म्हणतो ना. लवकर!"

"पण बदलणारा कैदेत जातो. आणि बदलायला सांगणाराही."

त्र्यंबकपंत आकाशाकडे बघू लागले. तेवढ्यात दोर ताठला. जाळं पुन्हा खडकाशी आलं होतं. माणसं घामाघूम होऊन आवडीकडे बघत होती. आवडी महाराजांकडे बघत होती.

"हुकूम मागे," महाराज पुटपुटले. "सगळा मागे. तुझा सासराही सुटला."

"सैल सोडा, हो, सैल सोडा!" आवडीने खणखणीत सूर लावला. दोर सैल झाला, जाळं खडकावरून अलगद सुटलं आणि फडफडत्या बांगड्यांनी भरून वाळूवर आलं.

मुख्य दूताने दुभाष्याच्या कानात काही सांगितलं. दुभाषी म्हणाला, "पाहुणे विचारताहेत, महाराज मध्येच काय बोलले?"

महाराज खोकू लागले. आवडीने पदराने घाम पुसला.

"सांगा त्यांना, आमच्याकडे नवी ओळ कोणीही सुचवतो. आज महाराजांनी सुचवली."

दूत उठून उभे राहिले. राजा स्वतः जिथे गाण्यात हात घालतो असं राज्य आपण पाहिलं नव्हतं, असं म्हणून त्यांनी सन्मानाची शाल तिथल्या तिथे महाराजांच्या खांद्यावर घातली. महाराजांनी ती नम्रपणे स्वीकारली. दुसऱ्याच्या कामाचं श्रेय घेण्यात त्यांचा हात बसलेला होता.

दूत गेल्यावर त्यांनी आवडीला जवळ बोलावलं.

"खरं सांग. खेकड्याचं कडवं सगळ्यात जुनं आहे?"

"हो महाराज. आज म्हटलेल्यांपैकी तेच सगळ्यात जुनं. ते मी काल सकाळी जुळवलं, बाकीची आज."

महाराज असे खदखदून हसले, की नवी शाल वाळूत पडली.

"माग, काय हवं ते माग."

"नवं जाळं द्या. आणि ते दोन शिपाई इथेच राहू द्या."

"ते कशाला?"

"नुसते बसून गाणं ऐकताहेत, महाराज. उद्यापासून दोर ओढतील."