तांबडाईचं तीर्थ

आटपाट रान होतं, आणि राजावाचून रानाला शोभा नाही म्हणून तिथे एक अस्वल राजा होतं. निवडणुका अगदी वेळेवर व्हायच्या. उमेदवार एकच असल्यामुळे भांडणतंटाही व्हायचा नाही.

रानडुकरं म्हणजे राजाचे मानलेले मेहुणे. त्यांनी टेकडीवर खाण काढली आणि खाणीचं धुवण खालच्या पाणवठ्यात सोडून दिलं. सगळं रान त्याच पाणवठ्यावर पाणी प्यायचं. राजवाड्याचा झरा तेवढा वेगळा होता.

त्या रानात इंदुमती नावाची एक पाणमांजर राहायची. पाणी तपासणं हेच तिचं शिक्षण आणि हाच तिचा उद्योग. एकदा तिच्या धाकट्या बहिणीचं, कुसुमचं पिल्लू दामू मावशीच्या मांडीवर खेळत होतं. खेळता खेळता इंदुमतीची नजर त्याच्या पंजांवर गेली. तळवे राठ झालेले आणि अंगावर काळे ठिपके. तिने लगोलग पाणवठ्याचं पाणी तपासलं, तर आर्सेनिक, शिसं, सगळी मंडळी हजर.

ती तडक दरबारात गेली. "महाराज, पाण्यात विष आहे. पिल्लं जातील हो."

प्रधान तरस हसला. त्याची ती सवयच होती. "विष काय म्हणता बाई? खनिजसमृद्ध म्हणा. बाकीच्या रानांना नुसतं पाणी मिळतं, आपल्याकडे धातूंसकट देतो. तेही फुकट."

"आणि तरी लोक म्हणतात, आम्ही काही देत नाही," अस्वल खिन्न होऊन म्हणालं.

"निदान धोक्याची पाटी तरी लावू द्या."

"खुशाल लावा. वाचणार कोण? शाळा आपण केव्हाच बंद केल्या," तरस म्हणाला.

मग इंदुमतीने डोकं चालवलं. पाणवठ्याकाठी एक मोठा दगड होता, त्याला तिने ठसठशीत तांबडा रंग फासला. तांबडं म्हणजे धोका, एवढं तर कुणालाही कळेल, असा तिचा हिशेब. बाई हुशार खरी, पण सगळा जन्म पाण्यात गेलेला. काठावरच्या लोकांची रीत तिला कुठून ठाऊक असणार?

सकाळी येऊन बघते तर दगडापुढे नारळ फुटलेला, हळदकुंकू वाहिलेलं, आणि रांग पार वडापर्यंत गेलेली. देवीचं नावही ठरलं होतं, तांबडाई. रांगेत सगळ्यात पुढे कुसुम, दामूला कडेवर घेऊन.

"कुसुम, अगं, हे पाणी त्याला पाजू नकोस."

"असं काय करतेस अक्का? तूच तर स्थापना केलीस. याचे डाग जावेत म्हणून नवस बोललेय मी. दिवसभर तीर्थ पाजायचंय."

"अगं, डाग या पाण्यानेच आलेत!"

"देवीच्या तोंडावर असं बोलू नये गं," कुसुम हळूच म्हणाली.

इंदुमती रंग खरवडायला धावली, तर तरस आडवा आला. "बाई, भावना दुखावतात. कायदा आहे."

"हा कायदा कधी झाला?"

"आत्ताच. तुम्ही हात उचललात ना, तेव्हा."

इंदुमती मटकन खाली बसली. रडू आलं तिला. समोर कुसुम दामूच्या ओठांशी तीर्थ नेत होती. ते बघितलं आणि बाईने होते तेवढे केस मोकळे सोडले, डोळे फिरवले आणि ती घुमायला लागली.

"अंगात आलं, अंगात आलं," म्हणत रांगेतले सगळे जमिनीवर लोटांगण घालून मोकळे.

"मला वाळूचा गाभारा बांधा," इंदुमती घुमत म्हणाली. "खाणीबाहेर गंजकं लोखंड पडलंय, ते त्यात वाहा. त्यातून गळेल तेच तीर्थ. थेट पाणवठ्याला तोंड लावील त्याचं वाटोळं होईल."

कुसुमने ओंजळ ओतून टाकली.

गंजकं लोखंड आणि वाळू आर्सेनिकला धरून ठेवतात, हे इंदुमतीने दरबारात कितीतरी वेळा सांगितलं होतं. तेव्हा समिती नेमली होती. आता संध्याकाळच्या आत गाभारा उभा राहिला, वर जीर्णोद्धारासाठी निधीही मंजूर झाला. नव्या देवळाचा जीर्णोद्धार कसला, हे कुणी विचारलं नाही.

हळूहळू दामूचे तळवे मऊ पडू लागले. कुसुमने रानभर पेढे वाटले. इंदुमतीनेही एक खाल्ला. तिला आनंद झाला आणि लाजही वाटली.

मोठी सभा भरली. "डाग गेले ते आमच्या कारकिर्दीत," अस्वल म्हणालं. "आता देवी राखणीला बसलीच आहे, तर मेहुण्यांनी आणखी खाणी काढायला काय हरकत आहे?"

टाळ्या पडल्या. इंदुमतीने पुन्हा केस सोडले. "देवीची आज्ञा आहे, खाण बंद करा!"

तेवढ्यात प्रधान तरसाच्याही अंगात आलं. त्याच्या अंगातला देव चांगला मोठा होता, आवाजही खणखणीत. तो म्हणाला, खाण चालू राहील.

इंदुमती आजही गाभाऱ्यातलं विषाने भरलेलं लोखंड गुपचूप बदलते, म्हणून दामू बरा आहे. पुढची निवडणूक कुणाचा देव मोठा या प्रश्नावर फार चुरशीने लढवली गेली. उमेदवार एकच होता, आणि पाण्याचा विषय कुणी काढला नाही.