पाळण्याला दोरी हवी

घरातल्या वस्तू आपसात बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. एका घरी बाळ जन्मलं आणि पाळण्याला दोरी हवी झाली. लाल गोंडे मिरवत एक दोरी पुढे आली.

पाळण्यात आधी वरवंटा निजवायचा आणि मग बाळ, असा त्या घरचा रिवाज. त्यामुळे चौकशीचं काम म्हाताऱ्या वरवंट्याकडेच असे.

"आजोबा, तुम्हाला आत्ता तोलून दाखवते," दोरी म्हणाली.

"आज तोलशील गं. याआधी कुठे होतीस?"

"विहिरीवर, तीन वर्षं. पण मी काय चोर आहे, एवढं विचारायला?"

"माझ्या सख्ख्या भावालाही मी हेच विचारलं असतं," असं म्हणून वरवंट्याने वळचणीच्या चिमणीला विहिरीच्या रहाटाकडे धाडलं. ती निरोप घेऊन आली, "दोरी कष्टाळू आहे. पण एकदा मधेच तुटली आणि घागर फुटली. तिथली गाठ गोंड्याखाली झाकली आहे."

दोरी रडू लागली. "एकदाच हो, आजोबा!"

वरवंट्यालाही वाईट वाटलं. "पोरी, घागर फुटली तर कुंभार दुसरी देतो. बाळ कोण देईल?"

मग दोरीने आपणच गोंडे सोडले आणि अंगणात दोन खुंट्यांना बांधून घेतलं. तिच्यावर बाळाची दुपटी वाळू लागली.

चार दिवसांनी नवी दोरी आली. तीही फणकारली, "मला कशाला विचारता?"

अंगणातून आवाज आला, "सांग गं बाई. बाळाला अजून विचारता येत नाही, म्हणून आजोबा विचारतात."