कातळावरचं तीन नावांचं रोप

एका राज्यात माती थोडी आणि कातळ फार. त्या कातळावर एक रोप वाढे. उंची बोटभर, पानं गुबगुबीत, फुलं पिवळी. त्याला ना आळं लागे, ना पाणी. उन्हाळा आला की आपल्याच पानांतलं पाणी पिऊन ते तग धरी. गावागावात त्याचं नाव निराळं, रीत मात्र एकच. तिथल्या नावानं हाक मारावी, तेव्हाच ते कातळ सोडी.

राजा रूपसेन मनाचा चांगला, पण हौशी. शेजारचा राजा पाहुणा येणार म्हणून त्यानं गडाचा तट लखलखीत करायला लावला. शिपायांनी हाक न मारताच रोपं पहारींनी खरवडून काढली. तेव्हा तटाच्या भेगेत राहणारी जोगीण बाहेर आली.

"राजा, कातळावरचा जीव तुझ्या डोळ्यांत खुपला. आता तूच कातळ हो."

राजाचे पाय दगडाचे झाले आणि दगड हळूहळू वर चढू लागला. राणी केतकी धावत आली, तर हा हसून म्हणतो, "राणी, पाहुण्यांना सांग, आमचा राजा मोठा मानी, जागचा हलत नाही." राणीला रडूच कोसळलं. हा वेडा माणूस तिचा फार लाडका होता.

तटावर टिटवी बसली होती. ती म्हणाली, "राणीबाई, डोळे पुसा. समुद्राकाठची, माळावरची आणि तुमच्या माहेरची, अशा तीन डहाळ्या आणा. त्या दगडावर ठेवून राजानं तिघींना नावानं हाक मारावी. त्याआधी काळीज दगडाचं झालं, तर मग इलाज नाही."

राणी समुद्राकाठी गेली. खडकावर लाटा फुटत होत्या. एक कोळीण म्हणाली, "आमी हिला खारजिवी म्हंतो, बाय. ओहोटी लागली का हाक मार." राणीनं हाक मारली, डहाळी हातात आली.

माळावर ते रोप कुंभारांच्या कौलांवर होतं. त्याचं नाव वीजराखी. घरधनीण डहाळी देईना. म्हणाली, "ही गेली, तर आज छपराची राखण कोण करंल?" राणी म्हणाली, "मी करते," आणि छपरावर जाऊन बसली. सांजेला वीज आली, तिनं राणीकडे पाहिलं आणि आल्या वाटेनं परत गेली. मग राणीनं हाक मारली, डहाळी हातात आली.

मग माहेर. वेशीतून आत जाताच शेणाचा, धुराचा, करडांचा वास आला. आईबाप कधीच गेले होते. घराचा नुसता गडगा उरला होता, एकावर एक रचलेल्या दगडांचा. त्यावर ते रोप होतं. पण नाव आठवेना! तिनं खारजिवी म्हणून पाहिलं, वीजराखी म्हणून पाहिलं. पान हललं नाही. राणीला स्वतःची लाज वाटली.

तिची बालमैत्रीण भागू शेळ्या घेऊन आली. राणीची अडचण ऐकून ती म्हणाली, "केतकी हे तुझं सासरचं नाव गं. लग्नात तांदळात लिहिलं, तेव्हा मी शेजारीच हुते. त्याआधी तुला काय म्हणत, ध्यानात हाय का?"

मग भागूनंच सांगून टाकलं.

"चिवटी! तुझ्या आधीची भावंडं उन्हाळ्यात गेली, तू तगलीस. म्हणून तुझ्या आईनं ह्याच रोपाचं नाव तुला ठेवलं. दिवेलागणीला ह्या गडग्यावरून हाका मारायची."

राणी गडग्याला कवटाळून पोटभर रडली. मग तिनं हाक मारली आणि डहाळी हातात आली.

ती परतली तेव्हा दगड राजाच्या बरगड्यांना भिडला होता. तिनं तिन्ही डहाळ्या त्या दगडावर ठेवल्या आणि कानात नावं सांगितली. दासी सोन्याच्या झारीतून पाणी घालू लागली, तिला राणीनं अडवलं. "लाडानं कुजतं ते, बाई."

राजा कष्टानं म्हणाला, "खारजिवी." पहिलीनं मूळ धरलं. "वीजराखी." दुसरीनं धरलं. मग उरलासुरला श्वास गोळा करून त्यानं तिसरी हाक मारली.

"चिवटी!"

तिसरीचं मूळ आत उतरलं. दगड तडकला, खपल्या गळून पडल्या आणि राजा मोकळा झाला. गडावर नगारे झडले, तट पुन्हा हिरवा करायचा हुकूम सुटला. पण राणीला त्यातलं काहीच ऐकू आलं नाही. आईच्या मागे त्या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती. सगळ्यांदेखत राणी लहान मुलीसारखी म्हणाली, "ओ!"