सुलेमान मिस्त्रींचे प्रलंबित काम

“‘पूर्ण’ लिहू, की ‘रद्द’?”

हेरंब गुर्जरांनी मोबाईल चिदंबरबुवांच्या पुढ्यात ठेवला.

कृष्णाकाठच्या मठातली सकाळची पूजा नुकतीच आटोपली होती. बुवा ताम्हन पुशीत होते. त्यांनी पडद्याकडे पाहिले नाही.

“कसली नोंद?”

“सुलेमान मिस्त्रींच्या नावावरची. ती मिटवायची, तर प्रोग्रॅम दोनच शब्द घेतो. तिसरा घेत नाही.”

“आणि नाही मिटवली तर?”

“तर रोज सकाळी आठ वाजता त्यांच्या फोनवर निरोप जातो... ‘टेकू काढण्याचे काम प्रलंबित आहे. विलंबाचे कारण कळवा.’”

बुवांचा हात थांबला. मठाची पडवी सुलेमानानेच बांधली होती.

“तो तर गेला.”

“हो. ते टेकू काढतानाच, स्लॅबखाली.”

हेरंब नामांकित वास्तुविशारद. बावीस माणसांची कचेरी त्यांनी एका सॉफ्टवेअरवर चालवून दाखवली होती. कोणते काम कोणाचे, कधीचे, कुठवर आले, सारे पडद्यावर. झालेले हिरवे, राहिलेले लाल. “आमच्याकडे कोणालाच कोणाला काही विचारावे लागत नाही,” असे ते अभिमानाने सांगत. याच मठात, याच बुवांना त्यांनी ते दोनदा ऐकवले होते.

“स्लॅब पडला कसा?”

“गॅलरीचा होता. चौदा दिवस पाणी मारायचे, मग टेकू काढायचे. चौदा दिवस भरले. प्रोग्रॅमने पाण्याचे काम हिरवे केले आणि मिस्त्रींना टेकू काढण्याची परवानगी पाठवली.”

“पाणी मारले होते?”

“तारीख उलटली की ते काम आपोआप हिरवे होते. तशी सोय मीच करून घेतली होती.”

“मी पाण्याचे विचारले.”

“...पाचव्या दिवसानंतर टँकर आलाच नव्हता.”

खाली घाटावर कोणी धुणे आपटत होते.

“आपणही माळ मोजताच, बुवा!” हेरंब एकाएकी म्हणाले. “एकशे आठ झाले की मेरुमणी सांगतो. मोजणे हा काय अपराध झाला?”

“माझी माळ फार आळशी आहे रे. मला डुलकी लागली की तीही जागच्या जागी झोपते.”

हेरंब हसले नाहीत. बुवाही हसले नाहीत.

“सुलेमान काही बोलला होता?”

हेरंबांनी पडवीच्या खांबाकडे पाहिले.

“फोन केला होता. म्हणाले, ‘साहेब, स्लॅब पाण्यावाचून पांढरा पडलाय. टेकूला हात लावायला मन होत नाही. एकदा येऊन बघता का?’”

“मग?”

“मी म्हणालो... ‘मिस्त्री, पडद्यावर हिरवे दिसतेय ना? मग काढा.’”

“आणि तो?”

“‘बरं साहेब’ म्हणाले. अठरा वर्षांत त्यांनी मला कधी नाही म्हटले नव्हते.”

“हे चौकशीत सांगितलेस?”

“कोणी विचारले नाही. सगळे टँकरवाल्याच्या मागे लागले आहेत. आणि फोनवरचे बोलणे... ते कुठेच नोंदलेले नाही.”

बुवांनी ताम्हन पालथे घातले.

“सुलेमानाचा फोन आता कोणाकडे आहे?”

“त्यांच्या बायकोकडे. जैतूनबींकडे. पोलिसांनी त्याच संध्याकाळी परत दिला.”

“निरोप तिला दिसतो?”

“रोज आठ वाजून एक-दोन मिनिटांनी ‘पाहिले’ अशी खूण उमटते. आज सकाळी एकोणचाळिसावी उमटली.”

“बंद का ठेवत नाही ती फोन?”

“ठाऊक नाही... त्यात त्यांचा आवाज असेल.”

हेरंबांनी हात जोडले. “उद्या मिस्त्रींचा चाळिसावा आहे, बुवा. निदान उद्या तरी तो निरोप जाऊ नये. ‘पूर्ण’ लिहायला बोट धजत नाही. ‘रद्द’ लिहिले, तर माणूसच खोडल्यासारखे वाटते. आपण सांगाल तो शब्द लिहितो. आपल्या मुखातून आला म्हणजे माझा भार उतरेल.”

बुवांनी मोबाईल प्रथमच हातात घेतला. उलटसुलट करून पाहिला. मग आपल्या झोळीत टाकला आणि झोळीची गाठ मारली.

“हा इथे राहू दे.”

“पण मग निरोप जाईल!”

“आठाला जाईल ना? त्याआधी तू पोहोच.”

हेरंबांचा चेहरा उतरला.

“त्या मला घरात घेणार नाहीत.”

“दाराबाहेर उभा राहा.”

“चाळिसाव्याला सारे नातलग जमलेले असतील, बुवा. सगळ्यांच्या देखत... माझे सर्व जाईल. नाव, कचेरी... कदाचित तुरुंगही.”

“जाईल.”

पडवीत ऊन आले होते. हेरंब गुडघ्यांवर हात टेकून बसून राहिले. उठले. पुन्हा बसले. एक अख्खी घटका गेली असेल.

“तिथे जाऊन मी काय सांगू?”

बुवांनी डोळे मिटले.

“एकोणचाळीस दिवस तिला कारण विचारलेस, हेरंबा... आता सांग.”